मेव्हिस म्हणजे मावशी नव्हे

मी चिडलो की माझं इंग्रजी सुधारतं, असा माझा समज आहे. बायकोच्या मते फक्त आवाज वाढतो.

मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. शाळा सुटल्यावर ती स्टुडंट केअर नावाच्या पाळणाघरात थांबणार आणि तिथून शेजारच्या सत्तरीतल्या चिनी बाई तिला घरी आणणार, असं ठरलेलं. पहिल्याच दिवशी तिथून ऑफिसात फोन आला, "मुलीला न्यायला कोण येणार आहे?"

"मावशी! फॉर्म वाचा की!" मी फोन आपटला.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. आलेल्या बाईंचं नाव फॉर्मशी जुळत नाही, मुलीला सोडता येत नाही. मीटिंग टाकून टॅक्सीनं आमच्या घराजवळचं, यिशुनमधलं ते केंद्र गाठलं. मुलगी काचेआड रडत होती आणि बाई बाहेर ओठ आवळून उभ्या.

"म्हाताऱ्या बाईंना ताटकळत ठेवता? लाज नाही वाटत? या तिच्या मावशी आहेत, मावशी!" मी काउंटरवर हात आपटून गरजलो.

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म माझ्यासमोर सरकवला. अक्षर माझंच. नाव: मावशी. नातं: मावशी. शेजारी तिनं बाईंचं ओळखपत्र ठेवलं. त्यावर छापलं होतं, मेव्हिस.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या इमारतीत राहायला आलो, तेव्हा लिफ्टपाशी बाईंनी छातीवर हात ठेवून नाव सांगितलं होतं. मी ऐकलं 'मावशी'. आधीच्या कुणा मराठी भाडेकरूनं शिकवलं असणार, म्हणून मी गहिवरलोसुद्धा. पुढे मुलगी 'मेव्हिस' म्हणू लागली तर तिच्यावरच डाफरायचो, "काय हे इंग्रजाळलेलं तोंड! मावशी म्हण!" घरात बरोबर बोलणारी ती एकटीच होती, आणि शिव्या तीच खात होती.

आता राग काढायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. पण तेवढ्यात बाईच भडकल्या, त्यांच्या शेवटी 'लाह' लावायच्या इंग्रजीत.

"दोन वर्षं वाटलं, तुला उच्चार जमत नाही. इंडियन आहे, जाऊ दे लाह! तू तर कधी विचारलंच नाहीस! माझा बाप पिंजऱ्यात गाणारे पक्षी पाळायचा. मिशनच्या शाळेत इंग्रजी नाव लागतं म्हणाले, टीचरनं यादी दिली. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, यातला पक्षी कुठला? टीचर म्हणाली, मेव्हिस. जुनं इंग्रजी नाव, गाणाऱ्या पाखराचं. आणि तू काय लिहिलंस?"

मी खाडाखोड करायला पेन काढलं. त्यांनी ते हिसकावलं, कोरा फॉर्म मागितला आणि एकेक अक्षर दाबून स्वतःचं नाव लिहिलं. नात्यापुढे लिहिलं, शेजारी.

"उद्याही मीच नेईन हिला," मुलीचं दप्तर खांद्याला लावत त्या म्हणाल्या. "तू येऊ नकोस. ओरडतोस."