वेशीवरच्या आयचा वकील

काशिनाथ गेल्याचं त्याच्या मुलाने मला सकाळी फोनवर सांगितलं, पण तो खरंच गेला हे मला पटलं ते दुसऱ्या दिवशी, पळस्प्याजवळ त्याच्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरचा फ्लेक्स बघून. काळा कोट, गळ्यात पांढरा बँड, मागे कुठलेतरी परदेशी डोंगर आणि दोन कबुतरं. ‘धर्मनिष्ठ, देवीभक्त, समाजभूषण’. खाली शोकाकुल म्हणून देवस्थान समितीचं नाव आणि अध्यक्ष नानाशेठचा हात जोडलेला फोटो, काशिनाथच्या फोटोपेक्षा बोटभर मोठाच. याच समितीने मरेपर्यंत त्याला देवीच्या दारात उभं केलं नव्हतं. मी रिक्षा थांबवून तो फ्लेक्स नीट वाचला. मला रडू यायला हवं होतं, आली ती किळस. महिना उलटून गेला तरी ती उतरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही लॉ कॉलेजपासून एकत्र. पनवेलच्या कोर्टाजवळ एका गाळ्यात आमची दोन टेबलं समोरासमोर होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तो आगरी शेतकऱ्याचा मुलगा, मी बाजारातल्या किराणा दुकानदाराची मुलगी आणि देवाधर्मापासून चार हात लांब. त्याचा मंगळवारचा उपास असायचा, कपाळाला कुंकू असायचं, आणि कुठलाही नवा दावा दाखल करण्याआधी तो गावच्या वेशीवरच्या देवीपुढे नारळ ठेवून यायचा. मी त्याला भगतवकील म्हणायचे. तो म्हणायचा, “हसून घे. तुझी तारीख अवघड असली की तूच सांगतेस, जाता जाता माझं पण नाव घे म्हणून.” ते खोटं नव्हतं.

आम्हाला सनद मिळाली त्याच वर्षी त्याने मला ही वेशीवरची देवी दाखवली, गावाच्या भाषेत आय. चिंचेखाली कमरेएवढा उभा दगड, वर कोरलेले चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या ओळी आणि खाली एक गाढव व एक बाई. असे दगड कोकणात पुष्कळ ठिकाणी आहेत, त्यांना गधेगळ म्हणतात. जुन्या राजांनी कुणाला जमीन दान दिली की असा दगड रोवायचे आणि त्यावर शाप कोरायचे, की जो ही जमीन बळकावील त्याच्या आईला... पुढचं मी लिहीत नाही. शिवी किती घाण असते ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे तर तिचं चित्रही कोरलेलं होतं. काशिनाथने कॉलेजात असतानाच एका जाणकाराकडून तो लेख वाचून घेतला होता, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तरी त्याने चपला काढल्या आणि डोकं टेकवलं. मला राहवलं नाही. “अरे, ही देवी नाही. शिवी आहे ही.” तो फुलं नीट करत राहिला. “माहीत हाय मला. शिवी देणारा राजा गेला, खाणारा पण गेला. ही बाई तेवढी रायली. आमच्या बायकांनी तिला कुंकू लावलं, साडी नेसवली, तिची आय केली. याच्यापेक्षा मोठा देव तुझ्याकडे असंल तर दाखव.” मी त्याची फुलांची पिशवी धरून चपला घालूनच उभी होते.

पुढे विमानतळ आला आणि पनवेलच्या आसपासच्या जमिनींना जे व्हायचं ते झालं. नानाशेठ हा काशिनाथचा सख्खा चुलत भाऊ. आधी शेतं विकली, मग दुसऱ्यांची विकून दिली, मग इमारती बांधल्या आणि शेवटी त्याला भक्ती सुचली. देवीच्या बाजूची गुरचरणाची जमीन मोकळी होती. तिथे देवळाच्या नावाने एकदा भिंत उभी राहिली की ती पाडायला कोण येतंय, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. बळकावणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडाच्याच आडोशाने जमीन बळकवायची... याला निर्लज्जपणा म्हणणंसुद्धा कौतुक होईल. काशिनाथने आधी भावकीत हात जोडून सांगितलं की वर छप्पर घाला, समोर ओटा करा, फक्त दगडाला हात लावू नका, रंग फासू नका. कुंकू पाण्याने जातं, ऑइलपेंट जात नाही. कुणी ऐकलं नाही. मग त्याने खेटे घालून सरकारकडून त्या दगडाला संरक्षण मिळवलं. संरक्षित स्मारक म्हणून निळी पाटी लागली. तरी बांधकामाचं सामान येऊन पडलं तेव्हा त्याने स्वतःच्या नावाने दिवाणी दावा लावला आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला, की पूजा चालते तशी चालू राहील, बांधकाम होणार नाही. इतका सरळ हुकूम मी क्वचित पाहिलाय.

तो किती पाळला गेला ते मी स्वतः जाऊन पाहिलं. निळी पाटी उलटी करून गटारावर टाकली होती आणि लोक तिच्यावरून ये-जा करत होते. तिन्ही बाजूंनी भिंती, भिंतींना आपण न्हाणीघरात लावतो तसल्या चकचकीत फुलाफुलांच्या लाद्या. दगडाचा खालचा भाग सिमेंटमध्ये चिणलेला, अक्षरांवर शेंदरी ऑइलपेंटचे थर आणि वर स्क्रूने ठोकलेला मुखवटा. ड्रिलने दगडाला भोकं पाडली होती. बाजूला ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं मात्र सुवाच्य, एकही अक्षर झिजलेलं नाही. मी नास्तिक बाई, पण कुणाच्या तरी आईला असं भिंतीत कोंडलेलं मला बघवलं नाही.

जत्रेचा पहिला नारळ पिढ्यान्‌पिढ्या काशिनाथच्या घरचा. दावा लावला त्या वर्षी तो मान काढून नानाशेठने स्वतःकडे घेतला. काशिनाथच्या घरी कुणी जायचं नाही, त्याला देवळाच्या दारातून आत घ्यायचं नाही, असं तोंडी ठरलं. अशा बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तो वापर म्हणून मी त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, “सगळी माझीच मानसं हायत गं. किती जनांना आत टाकू?” तिकडे माईकवर नानाशेठ गर्जत होता की आमच्या धर्मात कोर्टाने नाक खुपसू नये, घटनेने आम्हाला धर्मस्वातंत्र्य दिलंय. त्यांच्या वकिलानेही युक्तिवादात तेच वाजवलं. मग काशिनाथ उभा राहिला. “साहेब, ते स्वातंत्र्य मलाच हवंय. देवी यांनी झाकली आणि दार मला लावलं. मला माझ्या देवीपुढे उभं राहायचंय, आणि ती होती तशी हवी आहे.” पुढची तारीख पडली. त्यानंतरही तारखाच पडत गेल्या, आणि एका पहाटे तो झोपेतच गेला.

तेराव्याला नानाशेठ माणसं घेऊन आला. खांद्यावर शाल, डोळ्यांत पाणी, आणि ते पाणी खरंही असेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. सगळ्यांसमोर त्याने जाहीर केलं की देवळापुढच्या नव्या सभामंडपाला काशिनाथचं नाव द्यायचं आणि यंदा पहिला नारळ काशिनाथच्या मुलाने फोडायचा. लोक गहिवरले. मी मात्र वकील आहे. दावा लावणारा मेला आणि वेळेत त्याच्या जागी वारस उभा राहिला नाही, तर दावा बाद होतो. शिवाय ज्या बांधकामाविरुद्ध तो लढला त्यावरच त्याचं नाव चढलं, तर उद्या ते पाडा म्हणायला कुणाची जीभ रेटणार? मेलेल्या माणसाचं नाव भिंतीला टेकू म्हणून लावायला निघाले होते. इतकी वर्षं कोर्टात काढून मी बरंच पाहिलंय, पण एवढं किळसवाणं नाही.

मुलगा तळोज्याला कंपनीत शिफ्ट करतो, भांडणांना विटलेला. तो हळूच म्हणाला, “मम्मी, मिटवून टाक ना आता.” काशिनाथची बायको यशोदा भिंतीला टेकून बसली होती. ती नानाशेठला म्हणाली, “भावोजी, नारल आयच्या समोर फोडतात. तुमच्या देवलात आय दिसते कुठं? आमी लादीला नारल फोडायचा काय?” मग त्याने मानाची म्हणून पुढे केलेली शाल तिने घेतली, नीट घडी घातली आणि त्याच्याच हातात परत दिली. चहा न घेता मंडळी उठली.

तीन-चार दिवसांनी ती एकटी रिक्षाने गाळ्यावर आली आणि काशिनाथच्या खुर्चीत बसली. दाव्यात वारस म्हणून तिचं नाव लावण्याचा अर्ज मी तयार ठेवला होता. सांगणं माझं काम होतं म्हणून सांगितलं, की वहिनी, यावर सही केलीत की मान कायमचा गेला, आणि मुलाच्या लग्नाला गावातलं कुणी येणार नाही. “ते माहीत हाय ताई,” ती म्हणाली. “सही कुठं करायची ते दाखवा.” पेन हातात घेण्याआधी तिने टेबलाखाली चपला काढल्या.

काशिनाथ अगदी असंच करायचा. घटस्फोट असो की बँकेची वसुली, बाकी सगळी कामं चपला घालून, पण आयचे कागद समोर घेतले की पाय मोकळे. मी कितीदा चिडवलं त्याला, की बाबा रे, हा दिवाणी दावा आहे, पूजा नव्हे. तो ऐकून घ्यायचा आणि लिहीत राहायचा. यशोदाला हे माहीत नव्हतं, गाळ्यावर ती पहिल्यांदाच आली होती. तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, मध्ये त्याचं नाव लिहिताना थोडी थांबली... मग कागदावरची नजर न काढता पायाने चपला चाचपू लागली. एक सरकून माझ्या टेबलाखाली आली होती. मी ती पायाने हळूच तिच्याकडे लोटली. इतकी वर्षं त्याची लोटायचे तशीच.