कन्नड सिनेमा आणि माझा गंड

हे गौरी घरात नसतानाच सांगता येतं, म्हणून चहा हातात घ्या आणि ऐका. माणूस शुद्धीत असताना, भर दुपारी, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो, हे नेदरलँड्समधल्या आमच्या फोरबर्ग गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

गौरी माझी बायको, बेळगावची. घरात मराठी, पण गल्ली, बाजार, मैत्रिणी सगळं कन्नड. मी पुण्याचा, म्हणजे मराठी सोडून बाकी भाषा कपाळाला आठ्या घालून बोलणारा. लग्नाच्या अकरा वर्षांत मी तिला कन्नड बोलताना ऐकलंच नव्हतं, कारण आसपास बोलायला कुणी नव्हतं. मग मार्चमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये मंजुनाथ राहायला आला. हुबळीचा.

एकटाच होता. बायको व्हिसा झाल्यावर येणार होती. सहा फूट उंच, डोक्यावर भरपूर केस, आणि आल्यापासून तीन महिन्यांत डच बोलायला लागला. मला इथे सहा वर्षं झाली आणि मी अजून दुकानात पिशवी हवी का या प्रश्नाला मान कशीही हलवतो. एकदा गौरीच्या सायकलची चेन निसटली, तर हा पठ्ठ्या दोन मिनिटांत बसवून मोकळा. मी तोपर्यंत वर पक्कड शोधत होतो.

पण ते केस आणि ती चेन मी सोडून दिली असती. मला खुपायचं ते गौरीचं हसणं. त्याच्याशी कन्नड बोलताना ती वेगळीच हसायची, पोटातून, मधेच वाक्य तोडून. माझ्याशी ती अशी हसल्याचं मला आठवेना. बायको ज्या भाषेत एवढी खूश असते, त्या भाषेत आपल्याला 'नीवु' म्हणजे 'तुम्ही', एवढंच येतं, हे काही बरं वाटत नाही हो.

मग इथल्या कन्नड मंडळींनी रॉटरडॅमला एका छोट्या थिएटरमध्ये रविवारी दुपारी सिनेमा ठेवला. प्रेमाचा, विनोदी, आणि चक्क आपल्या मराठी सिनेमावरून बनवलेला. चहा-फराळाची जबाबदारी गौरी आणि मंजुनाथकडे. झालं, रोज फोन. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर कान टवकारून बसलेलो. दर दोन वाक्यांनी ऐकू यायचं, 'नन्न गंड', आणि मग हसणं. नन्न गंड असं, नन्न गंड तसं.

आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाला काय वाटेल? मला वाटलं, न्यूनगंड. ही बाई माझा न्यूनगंड परक्या माणसाला सोलून दाखवतेय. आणि मला तो नव्हताच! निदान मार्चपर्यंत नव्हता.

मी सिनेमाला येतो म्हटल्यावर गौरी म्हणाली, सबटायटल्स नाहीत, कंटाळशील. म्हणजे मी नकोच होतो. मग तर मी गेलोच. शिवाय मूळ सिनेमा मी चार वेळा पाहिलेला. मला कसली सबटायटल्स?

बसायला गेलो तर गौरी मधे, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. सिनेमात मिसळीच्या जागी डोसा आला होता, बाकी गोष्ट तीच. विनोद झाला की ती दोघं हसायची आणि मी अर्ध्या सेकंदानं मागून. म्हणून ठरवलं, आता आधी हसायचं. मूळ सिनेमात आजोबा मेल्याचं सोंग करतात, त्यावर आमच्याकडे थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. आजोबा पलंगावर आडवे झाले आणि मी मोठ्यांदा हसलो. एकटाच. आसपास रुमाल निघालेले. मंजुनाथ वाकून हळूच म्हणाला, "सर, इसमें सच में जाते हैं."

मागच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. गौरीनं त्यांच्याकडे वळून ओशाळं हसत काहीतरी सांगितलं. त्यातले दोन शब्द मला कळले. नन्न गंड.

तीन महिन्यांचं साचलेलं मध्यंतराला बाहेर पडलं. बाहेर सगळे चहाला जमलेले, साठेक माणसं. मी सरळ मंजुनाथसमोर जाऊन उभा राहिलो. त्याला त्याच्याच भाषेत सुनवावं म्हणून छातीवर हात ठेवून म्हणालो, "नन्न गंड? मी? नो." मग त्याच्याकडे बोट केलं. "नीवु. नीवु नन्न गंड."

चहाचे कप जागच्या जागी थांबले. मंजुनाथ एक पाऊल मागे सरकला. गौरीनं माझा दंड धरला आणि शांतपणे सांगितलं, "अरे, गंड म्हणजे नवरा. नन्न गंड म्हणजे माझा नवरा."

पुढचं वाक्य मी मनातल्या मनात जुळवत होतो, तेवढ्यात गर्दीतून समोशाची प्लेट घेतलेली एक बाई पुढे आली. मंजुनाथची बायको. आदल्याच दिवशी हुबळीहून आलेली, आणि झोप काढून थेट मध्यंतरालाच पोचलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग नवऱ्याला, आणि म्हणाली, "मुझे तो किसी ने बताया ही नहीं."

मग जो हशा झाला, तेवढा सिनेमाला शेवटपर्यंत झाला नाही. गौरी तर भिंतीला टेकून हसत होती, पोटातून, वाक्य तोडून. जे हसणं मी तीन महिने दाराआडून ऐकत होतो, ते शेवटी माझ्यामुळे आलं. कशामुळे आलं ते सोडा.

परवा रॉटरडॅमच्या मेट्रोत खूप गर्दी होती. एक अनोळखी गृहस्थ, बहुधा त्या दिवशी सिनेमाला आलेल्यांपैकी, मला पाहून अदबीनं उठले, जागा दिली, म्हणाले, "बैठिए, अत्तिगे." मलाही बरं वाटलं. मान मिळतोय म्हणून थँक यू म्हणून ऐसपैस बसलो, तीन स्टेशनं.

घरी येऊन गौरीला विचारलं, अत्तिगे म्हणजे काय गं?

म्हणाली, वहिनी.