पियानोच्या पट्ट्यांना सनमायका

शेलूबाजारात आमच्या घरी पियानो आहे असं सांगितलं, की माणसं आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. त्यांचंही बरोबर आहे. हमरस्त्यावरचं गाव, खाली आमचं कृषी केंद्र, समोर जीपवाल्यांची आरडाओरड, आणि वरच्या मजल्यावर पियानो. आजोबा एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या लिलावात वजनकाटा घ्यायला गेले होते. काटा दुसऱ्यानेच नेला. लिलावातून रिकाम्या हाताने परत यायचं म्हणजे व्यापाऱ्याची नामुष्की, म्हणून त्यांनी मॅनेजरच्या बंगल्यातला पियानो बैलगाडीत घालून आणला. त्याचं करायचं काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कळलं ते आत्याला. नवरा ऐन तारुण्यात गेला, ती माहेरी परतली, आणि आपल्यासारखंच कुणालाही नको असलेलं एक धूड भिंतीला लागून उभं आहे असं बघून तिने त्याच्याशी दोस्ती केली. शिकवायला कुणी नव्हतं. माणूस बोलावून सूर लावून घ्यावेत एवढी ऐपत आमच्या घराची होती, दानत नव्हती. इकडच्या उन्हाळ्यांनी पियानोची जी दशा करायची ती केली. अर्ध्याअधिक पट्ट्या मुक्या झाल्या, काही भलत्याच सुरात ओरडू लागल्या. त्यातून आत्याने मधल्या भागातल्या धड पट्ट्या हेरल्या, मुक्यांना वळसा घालून वाट काढली आणि भजनं बसवली. भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात रोज दुपारी मंदिरातल्या बायका आमच्याकडे जमतात. आत्या डोळे मिटून वाजवते, बायका म्हणतात. तेवढे दिवस घरात आत्याचा शब्द चालतो. एरवी वर्षभर तिला चहा पाहिजे का, एवढंच विचारलं जातं.

गेल्या वर्षी मधल्या काही पट्ट्यांवरची आवरणं निघाली. लाकूड उघडं पडलं आणि त्याचं कुसळ आत्याच्या बोटात गेलं. बाकीची आवरणं पिवळी पडली होती. कुठे कोपरा उडालेला, कुठे तिच्या बोटांनी घासून घासून खळगा झालेला. तिची मागणी साधी होती. निघालेली तेवढी पुन्हा चिकटवून द्या. मी एका पियानो दुरुस्त करणाऱ्याला मोबाइलवर फोटो पाठवले. त्याचा उलट फोन आला, की हे प्लास्टिक नाही, अस्सल हस्तिदंत आहे. जेवताना मी ही बातमी घरात सांगितली.

माझे मोठे भाऊ घरचे कर्ते. त्यांच्या हातातला घास तसाच ताटात परत गेला. आम्ही जैन. घरात कांदा येत नाही, बटाटा येत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, सूर्य मावळला की स्वयंपाकघर बंद. खाली दुकानात मात्र अळी, मावा, तुडतुडे, खोडमाशी, ज्याचं नाव घ्याल त्याचा संहार लिटरवर मिळतो. भाऊ स्वतः गिऱ्हाइकाला प्रेमाने समजावतात, की याने अळी तर जातेच, अंडंही शिल्लक राहत नाही. या कारणाने त्यांची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. तो धंदा आहे. पण शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्या तरी परक्या जंगलात मेलेल्या हत्तीने त्यांचं जेवण उडवलं. असलं काही घरात बाळगणं कायद्यानेही गुन्हा आहे, हे मी पुढे जोडलं, तेव्हा पापाच्या भीतीला वनखात्याच्या भीतीची जोड मिळाली आणि भाऊ ताटावरून उठले. पियानोवर चादर पडली. आत्याला काय वाटतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती तेवढी अधूनमधून जाऊन चादर सारखी करायची.

मग हस्तिदंत काढून टाकायला भाऊंनी बोलावलेला मंगरूळपीरचा एक मिस्त्री आला. त्याने आमच्या वहिनींचं नवं किचन केलं होतं, म्हणजे पियानोसाठी तो योग्यच. पट्टीवर ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री फिरवायची, की जुनं आवरण उकलून येतं. खोलीभर एक विचित्र वास सुटला. मिस्त्री म्हणाला, जुना सरस आहे. सरस जनावराच्या कातड्याहाडांचा करतात, हे मी भाऊंना मुद्दाम सांगितलं. त्यांनी मिस्त्रीला प्रत्येक पट्टी कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडायला लावली. आत तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांपाशी चामड्याचे तुकडेही दिसतात, असं मी म्हणालो. भाऊंनी पुढे होऊन झाकण लावलं आणि आत कुणीही बघायचं नाही असं ठरवून टाकलं. आमच्या अहिंसेची हद्द त्या दिवशी पियानोच्या झाकणापाशी आखली गेली.

निघालेलं हस्तिदंत भाऊंनी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यात भरलं, आसेगावच्या रस्त्यावरच्या आमच्या शेतात नेलं आणि बांधाला पुरून वर णमोकार मंत्र म्हटला. खोक्यावर ठळक अक्षरात ‘विष’ छापलेलं होतं. हत्तीला इतक्या वर्षांनी का होईना, आमच्या बांधावर सद्गती मिळाली.

मग आली सनमायका. किचनमधून उरलेली, पांढरीशुभ्र, चकचकीत. मिस्त्रीने तुकडे कापले, चिकटवले. पहिल्यांदा ते इतके रुंद झाले, की एक पट्टी दाबली तर शेजारीणही सोबतीला खाली जायची. त्याने कडा घासल्या, काम बसलं. पियानो आता थेट ओट्याच्या खालच्या कपाटासारखा दिसत होता, फक्त कढया ठेवायच्या राहिल्या होत्या. भाऊंनी त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. कारंज्याच्या मावसभावाने आमच्या घराचं धर्मप्रेम कसं आदर्श आहे ते कळवलं.

यंदाच्या दशलक्षणाचा पहिला दिवस उजाडला. बायका आल्या, सतरंजीवर बसल्या. आत्या नव्या पातळात पियानोपुढे बसली. डोळे मिटले, हात ठेवला. आणि तो हात नुसताच इकडून तिकडे सरकत राहिला. बायकांना वाटलं, ती मनात नाव घेते आहे. शेवटी तिने एक पट्टी दाबली. भलताच सूर निघाला. बायकांनी तोच धरून भजन उचललं, पुढची पट्टी मुकी निघाली, त्यापुढची बोकडासारखी ओरडली. भजन चढतं आहे की उतरतं आहे कुणाला कळेना. बायका भल्या, त्या आपल्या आपण म्हणत राहिल्या. एकीने जाताना मशीनला तेल टाकायला सांगितलं. आत्याने झाकण लावलं, स्वयंपाकघरात गेली आणि गाळलेलं पाणी पुन्हा गाळत बसली.

मी तिला विचारलं, तेव्हा कुठे आम्हाला उलगडा झाला. खळगा पडलेली पट्टी म्हणजे भजनाची सुरुवात. कोपरा उडालेली म्हणजे सावध, शेजारची मुकी आहे. चिरलेली लागली की तिथून मागे फिरायचं. आत्याला सुरांची नावं येत नव्हती, तिची बोटं त्या झिजेवरून चालत होती. आणि ती झीज आम्ही मंत्र म्हणून शेतात पुरून आलो होतो. काळ्या पट्ट्यांवरून अंदाज घे, असं मी तिला सुचवलं. ती म्हणाली, त्या तर सगळीकडे सारख्याच, दोन आणि तीनच्या जुडग्यांनी, मुकी कोणती ते त्या थोड्याच सांगणार. भाऊ म्हणाले, एकेक दाबून शोध, सापडेल.

“माह्याच घरात मी घर विचारत फिरू का?” आत्या म्हणाली.

पर्वाचे बाकी दिवस बायका मंदिरातच जमल्या. आत्या तिथेही गेली नाही. मला भाऊंचा इतका राग आला होता, की मी त्यांच्या शेजारी जेवायला बसायचं सोडलं.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर एकमेकांपुढे हात जोडायचे आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं. समोरच्यानेही तेच म्हणायचं, की विषय संपला. मोबाइल आल्यापासून हे फारच सोपं झालं आहे. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात भांडण चालू आहे त्यालाही हात जोडलेलं रंगीत चित्र एका बोटाने जातं. भाऊ तरी जुन्या वळणाचे, घरातल्यांची क्षमा ते समक्ष मागतात. यंदा सोयाबीनवर अळी होती, दुकानात गर्दी होती, त्यामुळे ते भराभर मागत सुटले. वहिनींची जिन्यात मागितली, माझी आंघोळीला जाताना. मग आत्याच्या खोलीत शिरले. मी मागोमाग गेलो.

“उत्तम क्षमा, आत्या,” म्हणून त्यांनी हात जोडले आणि वळले सुद्धा.

आत्याने उलट काही म्हटलं नाही. क्षमावाणीला कुणी गप्प बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. भाऊंनीही पाहिलं नसावं, कारण ते दारातच थबकले. तिने पियानोचं झाकण उघडलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बस इथं. जिथून मी भजन उचलते ना, ती पट्टी मले काढून दे. मंग क्षमा.”

भाऊ हसले. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून जीपा मोजू लागलो. खालून गिऱ्हाइकांच्या हाका आल्या, वहिनींनी दोनदा जिन्यातून आवाज दिला. भाऊ बसले. एक बोट पुढे करून, दुकानातलं नवं यंत्र चाचपडावं तसे ते पट्ट्या दाबू लागले. ही का? नाही. ही? ही मुकी होय, सोड. ही? ही फसवते, पुढं चाल. चकचकीत सनमायकावरून त्यांचं बोट घसरत होतं. प्रत्येक वेळी ते आत्याच्या तोंडाकडे बघायचे आणि ती मान हलवायची. हळूहळू त्यांचं घाई करणं थांबलं. खालच्या हाकांकडेही त्यांचं लक्ष राहिलं नाही. घामेजलेल्या कपाळाने ते पट्टीवर कान नेऊन ऐकायला लागले. या घरात त्या पियानोचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

एका पट्टीवर आत्याने त्यांचं बोट धरलं. धरूनच ठेवलं.

भाऊंनी दुसऱ्या हाताने खिशातून गोदामाची किल्ली काढली आणि त्या पांढऱ्याशुभ्र सनमायकावर जोर लावून एक खोल चीर पाडली. नातेवाइकांना फोटो पाठवलेल्या सनमायकावर. मला एकदम भरून आलं, आणि भाऊंना टोचून बोलायची एक चांगली संधी माझ्या हातून गेली.

आत्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग डोळे मिटून घेतले.

“आता पुढची दाब,” ती म्हणाली. “ते मुकी होय. तिले मोठी खूण कर.”