बोर्ड गरम होऊ दे

आतोबांचा फोन आला तेव्हा मी गाझियाबादला एका सोसायटीच्या फाटकाशी वीजदराविरुद्धची पत्रकं वाटत होते. "शैला गेली गं... चहा पिता पिता," एवढंच म्हणाले. उरलेली पत्रकं चौकीदाराच्या हातात कोंबली नि फरीदाबादची बस धरली. त्याला महिना उलटून गेला. मला पत्रकं लिहिता येतात, शोक लिहिता येत नाही. म्हणून जे पाहिलं ते सरळ सांगते.

शैलाआत्या विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. त्या काळी यमुनेपलीकडे, आमच्या गाझियाबादेत, नव्या वसाहती उठत होत्या, फिरत्या चकतीचे जुने मीटर जाऊन घरोघर इलेक्ट्रॉनिक मीटर लागत होते. आमच्याकडे ते लागले आणि उन्हाळ्यात बिलं अशी फुगली की मी पत्रक काढलं: 'नवा मीटर, नवी लूट!' पुरावा हवा म्हणून तिच्या कारखान्यात जाऊन थडकले. "या, पुढारी! पत्रक वाचलं. झणझणीत आहे. पण मोजलंस का काही?" "मोजायचं काय त्यात? दिसतंय की!" "दिसतंय ना? मग बस इथे, गप्प."

तिच्या टेबलावर तळहाताएवढा एक बोर्ड होता, मीटरचं काळीजच ते. त्यातून एक सीरियल केबल संगणकाला गेलेली, शेजारी भार म्हणून दिव्यांची रांग आणि बाकीचे ज्याच्याशी पडताळायचे तो खात्रीचा एक मोठा मीटर. बोर्डात वीज सोडून आत्या चक्क चहा प्यायला लागली. "थंड बोर्ड वेगळं मोजतो, तापलेला वेगळं. त्याला तापू दे." तेवढ्यात मॅनेजर आला. "मॅडम, ट्रक खडा है. यह चाय का टाइम है?" "तो खडा रहने दो," आत्या शांतपणे म्हणाली, "बोर्ड अभी ठंडा है." तो पाय आपटत गेला. मग आत्या कीबोर्डकडे वळली. एक आज्ञा टाइप केली, की बोर्ड पडद्यावर आकडा पाठवायचा. खात्रीचा मीटर दुसराच दाखवायचा. आत्या दुरुस्तीचा आकडा धाडायची, पुन्हा विचारायची, पुन्हा... दोन्ही जुळेपर्यंत. शेवटची आज्ञा कुलपाची, आकडा पक्का करून टाकणारी. ती देताना तिचं बोट क्षणभर अधांतरी थांबलं. "यानंतर हा जे सांगेल, ते एखाद्या घराला निमूट मानावं लागणार." सभांमधून मी इतकी मोठमोठी भाषणं ऐकली, पण कुणाचं बोट असं थांबलेलं पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती खात्रीचा मीटर घेऊन आमच्या सोसायटीत आली. सकाळी दोन्ही मीटर बरोबर चालले. दुपारी, भिंतीवरची पत्र्याची पेटी हात लावू देईना तेव्हा, आमच्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागला. पुढे पळत होता! लोक ओरडले, मीही ओरडले. मला कंपनीचा कट हवा होता. आत्याने मीटरवरचा क्रमांक वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "घाई आहे गं ही," ती मला म्हणाली. "संध्याकाळच्या पाळीतला माल. बोर्ड थंड असतानाच कुलूप लावलंय." मग सगळ्यांकडे वळून, खणखणीत आवाजात: "यह मीटर हमारी फैक्टरी का है. तेज चल रहा है. गलती हमारी है. लिखकर देती हूँ." नोकरी जाऊ शकते हे तिला ठाऊक होतं. आतोबा नुकतेच निवृत्त झालेले, घराचे हप्ते चालू... तरी तिने तिथेच, माझ्याच पत्रकाच्या पाठीवर लिहून सही केली.

नोकरी गेली नाही, पण तिला भांडारात नेऊन बसवलं. त्या सहीच्या जोरावर आम्ही मीटर बदलून घेतले, आणि परत आलेल्या मीटरांचे ढीग त्याच भांडारात तिच्यापुढे येऊन पडले. ते दुरुस्त कोण करणार? झक मारत तिलाच पुन्हा तिच्या जुन्या टेबलावर बोलवावं लागलं. आणि तिने काय केलं? बोर्डात वीज सोडली आणि चहा मागवला.

परवा फरीदाबादला गेले होते. जेवणाच्या टेबलावर तिचा सरावाचा बोर्ड अजून तसाच आहे, जुन्या संगणकाला जोडलेला. आतोबांना त्यातली एकच आज्ञा येते, आत्याने शिकवलेली, विजेचा दाब विचारायची. रोज सकाळी ते तेवढीच देतात. मी घाईने कीबोर्ड पुढे ओढला, तर त्यांनी माझा हात धरला आणि कप माझ्याकडे सरकवला. "थांब. आत्ताच लावलाय."

आम्ही चहा प्यायलो. सावकाश.