आज एका गोड पोरीला नापास केलं

मंडळी, आज मी परीक्षक झाले! मी चौक गावची, बहिरी हाय, गावच्या शाळेत शिकलेली. भाईंदर पूर्वेला साइन लँग्वेज इंटरप्रिटरची, म्हणजे खुणांच्या दुभाष्यांची परीक्षा होती. परीक्षेपुरती मी पेशंटची बायको, समोर खोटा डॉक्टर, मध्ये परीक्षा देणारी पोरगी. मार्क मी द्यायचे.

मी मुद्दाम खुणा केल्या, "डॉक्टर, तू माणसांचा का म्हशींचा?" डॉक्टर गोड हसून मान डोलवतोय. तेव्हाच कळलं, पोरीनं माझा टोमणा गिळला.

मग डॉक्टर बोलला, पेशंट वाचणार नाही. ओठ दिसतात ना मला! पोरीचे हात म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत, काळजी करू नका."

मी नापास केलं. ती रडली. खुणेनं म्हणाली, "काकू, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं."

म्हटलं, "रडतेस मस्त. आज तेवढंच खरं सांगितलंस."

आमचे हे गेले तेव्हा अशाच एका गोड पोरीनं "बरे होतील" सांगितलेलं. मी खुशाल घरी जाऊन बोंबील तळले. डबा घेऊन परत गेले, तर खाट रिकामी.

आता म्हणा मला दुष्ट. पण तुमच्या माणसाच्या खाटेपाशी ही पोरगी चालेल का तुम्हाला?