दातातला कंगवा

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. दुकानाच्या पाटीवर दुसरंच नाव होतं, पण ते त्याचं त्यालाही आठवावं लागे. हातात कात्री आली आणि समोर मान खाली घातलेला माणूस बसला, की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. हवा, भाव, शेजारणीची मांजर, स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं, काहीही चालायचं. "मला घडवणाऱ्यानं आवाजाचं बटण लावलं आणि बंद करायचं लावायला विसरला," असं तो स्वतःच सांगायचा. तेही गिऱ्हाइकाचं वाक्य मध्येच तोडून.

असल्या माणसाच्या नातीनं बोलू नये, याला काय म्हणायचं? मुलीला दिवस गेले तेव्हाच त्यानं जाहीर करून टाकलं होतं, की पोरगी झाली तर तिला मैना म्हणायचं, कारण ती आजोबांवर जाणार. पोरगी झाली, मैना झाली, आणि तिसरं वर्ष संपत आलं तरी 'आई', 'नको' आणि बोट दाखवून 'ऊं' यापुढे तिची गाडी सरकेना. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी कान तपासले. कान ठणठणीत होते. पोरीला सगळं कळतंय, त्या म्हणाल्या, तिच्याशी बोला, तिला बोलायला वाव द्या, आणि उन्हाळा सरला की पुन्हा घेऊन या. मुलगी घरी आली ती तोंड पाडून. दिवसभर ती कामावर असायची आणि मैना आजोबांच्या दुकानात, बाकाच्या कोपऱ्यावर.

"बोलायचंच ना तिच्याशी?" रेडिओ म्हणाला. "मग माणूस अगदी योग्य जागी आहे!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "तिनं पाण्याकडे बोट केलं की तुम्ही काय करता?"

"पाणी देतो."

"नुसतं देत नाही. पाणी हवं का, गार हवं का, या पेल्यात हवं का त्या, आणि मग ते कालच्या पाण्याचं पुराण. ती बिचारी बोलणार कधी?"

रेडिओला हे मुळीच पटलं नाही, आणि का पटलं नाही हे तो बराच वेळ सांगत बसला.

त्याच सुमारास वाचनालयातली एक ताई पुस्तकांचा खोका घेऊन दुकानात आली. जिथे लहान मुलांना एका जागी बसावंच लागतं, तिथे पुस्तकं ठेवायची, असा त्यांचा उपक्रम होता. दवाखान्यात एक खोका ठेवला होता, बसस्थानकावर एक, आणि हा केस कापायच्या दुकानात. ताईनं नीट समजावून सांगितलं: मुलाच्या मांडीवर पुस्तक द्यायचं, चित्र दाखवायचं, काहीतरी विचारायचं, आणि थांबायचं. यातलं पहिलं सगळं रेडिओनं ऐकलं. 'थांबायचं' म्हणाली तेव्हा तो बोलत होता.

पुस्तकांमध्ये एक मेंढीचं होतं. मेंढीची लोकर कातरतात, मेंढी उघडी पडते आणि कुडकुडत सगळ्यांच्या दारी फिरते, एवढीच गोष्ट. रेडिओ त्याच्यावर लट्टू झाला. मेंढीला भादरणाऱ्या माणसाच्या चित्रावर तो कात्रीचं टोक ठेवायचा आणि म्हणायचा, "हा बघ, आपल्याच धंद्यातला! हा म्हणजे मीच!" खुर्चीच्या हातांवर फळी टाकायची, वर पोर बसवायचं, आणि पुस्तकाची पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एका दमात वाट लावायची. मेंढीचा आवाजही तोच काढायचा, प्रश्नही तोच विचारायचा, उत्तरही तोच द्यायचा आणि "शाब्बास!" म्हणून पाठही स्वतःचीच थोपटायचा. मैना बाकावरून बघत राहायची.

ताई चौकशीला आली तेव्हा त्यानं छाती पुढे काढून सांगितलं, "ताई, काय गुण आहे हो तुमच्या पुस्तकात! एकही पोर तोंडातून चकार शब्द काढत नाही!"

न्हाव्याच्या हिशेबानं यापेक्षा मोठं यश नसतं. गप्प पोर म्हणजे न हलणारं पोर, आणि न हलणारं पोर म्हणजे शाबूत कान. पण ताईचा चेहरा साबणाच्या फेसासारखा बसला. ती मैनाच्या शेजारी बाकावर टेकली आणि बघत राहिली.

खुर्चीत एक कुरळ्या केसांची मुलगी होती. कानामागचं नाजूक काम आलं, दोन्ही हात अडकले, तसा रेडिओनं कंगवा दातात धरला. दुकानात शांतता पसरली. ती शांतता गिऱ्हाइकांनाही नवी होती. आणि फळीवरची पोरगी आपणहून म्हणाली, "मेंढी नागडी झाली."

"म्म्म!" रेडिओ म्हणाला.

"तिला लाज वाटते. माझ्या बाबाला वाटत नाही."

आता यावर रेडिओकडे सांगण्यासारखं काय कमी होतं? त्यानं हात मोकळा करून कंगवा काढायला घेतला, तेवढ्यात ताई उठून उभी राहिली. "काका, कंगवा तिथेच राहू द्या."

पोरगी बोलतच राहिली. तिच्या बाबांची बरीच अब्रू त्या दिवशी दुकानात गेली.

ताई निघताना रेडिओ तिच्या मागोमाग पायरीपर्यंत गेला. मैनाकडे पाठ करून त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे, माझ्यामुळेच का हो?"

"कुणामुळे असं नसतं, काका. काही मुलं उशिरा बोलतात. पण तिला जागा तर ठेवायला हवी ना?"

त्या दिवसापासून प्रश्न विचारला की कंगवा दातात, हा नेम झाला. आयुष्यभर जिभेवर पोट भरलेल्या माणसाची ही सक्तमजुरीच होती. पोटात वाक्यं साठून फुगल्यासारखं वाटायचं. घरीही तो कंगवा तोंडात धरून बसू लागला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एवढी वर्षं मी सांगून थकले, आणि शेवटी कंगव्याचं ऐकलंत होय!" दुकानातही उजेड पडला. समोरचा शिंपी कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक. आरशात बघत तो भीत भीत म्हणाला, "काका, मला भांग उजवीकडे हवा असतो. सांगायचं राहूनच जायचं." रेडिओ इतकी वर्षं डावीकडे पाडत होता.

सगळे बोलायला लागले. बोलली नाही ती एक मैना. रेडिओ तिच्यासमोर पुस्तक धरायचा, विचारायचा, कंगवा चावायचा. ती त्याच्याकडे बघायची, पान उलटायची आणि गप्प. उन्हाळा उतरणीला लागला. केंद्रात पुन्हा जायचा दिवस जवळ आला तशी मुलगी रोज कामावरून आल्या आल्या बापाच्या तोंडाकडे बघायची, आणि तो नजर चुकवून टॉवेल झटकायचा. आतून तो पार घाबरला होता. आपण हिच्या वाट्याचंही बोलून संपवलं की काय, असं त्याला वाटायचं, आणि एवढी एक गोष्ट तो कुणाला बोलून दाखवत नव्हता.

एका दुपारी शिंपी खुर्चीत होता, अर्धं डोकं झालं होतं. मैना बाकावरून उतरली, मेंढीचं पुस्तक काखेत मारून आली आणि आजोबांचा सदरा ओढू लागली. "ऊं!"

"काय ग? भूक लागली? पाणी हवं? थांब हं, आजोबा..."

मैनानं पाय आपटला. "कंगवा!"

"कंगवा म्हणाली!" रेडिओ ओरडला. "शिंपीबुवा, ऐकलंत? कंगवा! हा घे बाळा!" तिनं तो ढकलला. त्यानं मोठा दिला, तोही ढकलला. मग लाल, मग बारीक दातांचा, आणि प्रत्येकाबरोबर त्या कंगव्याची माहिती. मैनाचे डोळे भरून आले.

"अहो काका," शिंपी आरशातून म्हणाला, "तोंडात घाला तो. तिला काहीतरी बोलायचंय."

रेडिओनं कंगवा दातात धरला. मैनानं तो नीट बसलाय का हे वाकून तपासलं. मग पुस्तक उघडून तिनं त्या उघड्या मेंढीवर बोट ठेवलं.

"मेंढीला... थंडी वाजते."

कंगव्याचा एक दात कटकन मोडला. रेडिओ हलला नाही. शिंपीही हलला नाही.

"आजोबा, केस दे परत."

कातरणारा तो मीच, असं तोच तर आल्यागेल्याला सांगत आला होता. पोरीनं सगळं ऐकलं होतं आणि आता ती जाब विचारत होती. रेडिओचे डोळे घळाघळा वाहायला लागले. तो गुडघ्यांवर बसला, फरशीवरचे शिंप्याचे केस त्यानं चिमटीत गोळा केले आणि त्या मेंढीच्या पाठीवर ठेवले.

मैनानं ते हातानं थापटून बसवले. मान तिरकी करून पाहिलं.

"अजून," ती म्हणाली.

"कापा हो काका, कापा," शिंपी म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

त्या दिवशी शिंप्याच्या डोक्यावर भांग पाडण्याइतके केस उरले नाहीत, ना उजवीकडे, ना डावीकडे.