कुसुमच्या माहेरचं कुत्रं

कुसुम आज सकाळी गेली. मी राजगुरुनगरला तिच्या दारापर्यंत गेलो आणि गाडीतून न उतरता परत आलो.

दारात मांडव, खुर्च्या, शे-दीडशे माणसं.
कॅबवाला म्हणाला, "काका, इथंच उतरायचं ना?"
"नाही. वाकडला परत चला."

मला माणसांची भीती वाटते.

पुतण्याची मुलगी सांगते, याला सोशल अँग्झायटी म्हणतात, औषधं असतात. आमच्या वेळी घुम्या म्हणायचे आणि विषय संपायचा.

नव्वदी आली तरी लिफ्टमध्ये कोणी असलं की मी पुढच्या लिफ्टची वाट बघतो. इथे फेसबुकवर बरं आहे. कोणी तोंडाकडे बघत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीकडे तेव्हा ज्वारीची शेतं आणि मधेच एखादा नवा कारखाना. मी रत्नागिरीकडचा. एकटाच आलो आणि औषधांच्या कारखान्यात स्टोअरला लागलो.

कँटीनमध्ये चाळीस माणसांत माझा घास तोंडापर्यंत जायचा नाही. आमटी सांडायची, आणि सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. खरं तर कोणी बघत नसणार. पण हे कळून काही उपयोग नसतो.

म्हणून डबा घेऊन स्टोअरच्या मागे, कुंपणाजवळ, बाभळीखाली बसायचो.

तिथे एक भटकं कुत्रं यायला लागलं. नुसती हाडं. अर्धी भाकरी त्याची, अर्धी माझी. महिनाभरात ते माझ्यामागून चिंचवडच्या खोलीवर राहायलाच आलं.

नाव कुसुमने ठेवलं.

ती पॅकिंग डिपार्टमेंटला होती. चिखलीची, रोज चालत यायची. बायकांच्या पिण्याच्या पाण्याचा माठ बाभळीजवळच असायचा. एक दिवस पाणी पिता पिता त्या हाडकुळ्या कुत्र्याला म्हणाली, "काय वस्ताद, कुस्त्यांचा फड मारून आलात व्हय?"

मी डबा बंद करून उठलो.

"अवो, बसा की. मी काय खाते व्हय तुमाला?"

बसलो. पण नजर डब्यावरून वर काढली नाही.

ती म्हणाली, "माझ्याकडं बघून बोलवत न्हाई ना? मग ह्याच्याकडं बघून बोला. मी ऐकते."

आणि मी बोललो.

वस्तादच्या कानाकडे बघत बोललो. आईबद्दल, आमच्या गावच्या समुद्राबद्दल, कँटीनबद्दल. जन्मात कधी इतकं बोललो नव्हतो. तीही त्याच्याकडे बघूनच उत्तर द्यायची. दीड वर्ष आम्ही दोघं एका कुत्र्याशी बोलत होतो.

ती मला आवडायची. फार आवडायची.

मग तिला खेडचं स्थळ आलं. राजगुरुनगरला तेव्हा सगळे खेडच म्हणायचे.

"वस्तादा, ह्यांना सांग, रविवारी घरी या. आबांना येवढंच म्हणायचं, कुसुमसाठी आलोय. फुडचं मी बघते."

दोन शब्द. आठवडाभर खोलीत मी ते वस्तादला म्हणून दाखवले.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, वस्तादला दोरी बांधली आणि चिखलीला गेलो. ओट्यावर तिचे आबा, चुलते, शेजारचे, असे आठ-दहा जण बसले होते. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"कोन पाव्हनं? काय काम काढलं?" आबांनी विचारलं.

कान तापले. दाराआड कुसुम उभी होती. तिच्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या.

मी म्हणालो, "हे कुत्रं द्यायला आलोय."

आबा खूश झाले. "ब्येस झालं. कांद्याच्या वखारीला राखण पायजेच हुती."
मला चहा दिला. मी तो घेतला. दोरी त्यांच्या हातात दिली.

निघालो तेव्हा वस्ताद रडत होता. मी मागे वळलो नाही, कारण सगळे बघत असणार.

सोमवारी ती बाभळीखाली आली. मधे कुत्रं नव्हतं.

"आता कुनाकडं बघून बोलायचं?"

मी डब्यात बघत बसलो. ती गेली. महिन्याभरात लग्न झालं. वस्तादला ती सासरी घेऊन गेली, असं पॅकिंगच्या बायकांकडून कळलं.

पुढे एकदाच भेट झाली. खेडच्या एसटी स्टँडवर. तिचा नवरा पान आणायला गेला होता. वस्ताद चांगला गुटगुटीत झालेला. त्याने मला लांबूनच ओळखलं आणि येऊन अंगावर उड्या मारायला लागला. ती जागची हलली नाही.

"वस्तादा, इचार त्यांना, लगीन केलं का?"

"नाही म्हणावं," मी त्याला सांगितलं.

तेवढ्यात माझी गाडी लागली.

पुढेही केलं नाही. तिच्यासाठी झुरलो वगैरे म्हणणार नाही. मुलगी बघायला जाऊन चार माणसांत बसायची हिंमत नव्हती, हेही तितकंच खरं. दुसरं कुत्रंही पाळलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर कोणाशीच बोलायचं नसतं, याची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

आज तिच्या मुलाने पोस्ट लिहिली आहे, त्यावरूनच मला कळलं. त्यात लिहिलंय, आईने लग्नात माहेरहून कुत्रं आणलं म्हणून सासरचे हसले होते. ते मेलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. एका कुत्र्यासाठी एवढं का, ते घरात कोणालाच कधी कळलं नाही.

तिचे मालक जाऊनही बरीच वर्षं झाली. आता कोणाचं मन दुखायचं राहिलं नाही, म्हणून लिहितो.

ते कुत्रं माझं होतं.

आणि त्या रविवारी मी ते द्यायला आलो नव्हतो, कुसुम. तुम्हाला मागायला आलो होतो.

सगळ्यांसमोर सांगतोय. फार उशीर झाला.

सांभाळून जा.